पान एकेचाळीसवरची घुमी

१२ जून

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे नेहमीचं तू मनात धर. आज मला तेवढा धीर नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तू बोलतेस, मी हूं हूं करते, आणि ठेवल्यावर तुला वाटतं की आपल्या काय छान गप्पा झाल्या. पत्रात मला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून पत्र.

परवा बबडी वसतिगृहातून सुट्टीवर आली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला त्यांना तुझं 'आधी ऐका' लागलंय. मावशीचं पुस्तक म्हणून ती वर्गात मिरवतेसुद्धा. मी टेबलावर माझी प्रुफं पसरून बसले होते आणि ती समोर खुर्चीवर पाय घेऊन गृहपाठ करत होती. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "आई, ही कु. घ म्हणजे तूच ना?"

मी विचारलं, कोण कु. घ. तिने पुस्तक उलटं फिरवून माझ्यापुढे सरकवलं. पान एकेचाळीस, प्रकरण तिसरं, 'स्वप्रतिमा: आपण स्वतःला कसे पाहतो'. मध्ये चौकट. तुझंच आहे, तुला पाठ असेल, तरी उतरवून देते. 

"कु. घ ही दोन बहिणींतील धाकटी. जन्मापासून अबोल व भित्री. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नाव पुकारले जाण्याआधीच ती घाबरून नकाशांच्या खोलीत लपून बसली. मोठ्या बहिणीने प्रसंगावधान राखून तेच भाषण स्वतः केले व वेळ निभावून नेली. त्यानंतर कु. घ बोलेनाशीच झाली. कुटुंबाने तिला आहे तसे स्वीकारले. आज ती फारसे बोलावे लागणार नाही असे एक काम करते व समाधानी आहे."

खाली प्रश्न: कु. घ हिच्या न्यूनगंडाची कारणे सांगा. आठ गुण.

बबडीने पाच कारणं लिहून ठेवली होती. अक्षर छान आहे तिचं. तिसरं कारण होतं, 'जन्मजात आत्मविश्वासाचा अभाव'. माझं तोंड बघून तिने ते खोडलं आणि विचारलं, "तू खरंच लपली होतीस?"  मी गॅस बंद करते म्हणून उठले. गॅस लावलेलाच नव्हता.

परत आले तर खोडलेलं कारण तिने पुन्हा लिहून काढलं होतं.

ताई, माझ्या पोरीने माझ्याबद्दल काय मानायचं, हे तुझ्या पुस्तकाने ठरवायचं नाही. दुसरी आवृत्ती निघतेय असं ती म्हणाली. त्यातून ती चौकट काढ. दुसऱ्या कुणाचं उदाहरण घाल, तुझं स्वतःचं घाल. मला दुसरं काही नको.

घुमी

२० जून

प्रिय घुमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगू, मला इतकं बरं वाटलं. तू रागावलीस. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर रागावलीस आणि ते कागदावर उतरवलंस. माझ्या शिबिरात मी हेच तर शिकवते, की राग हा नुसता वरचा पापुद्रा असतो. खालची माया बघायला शिका. तुझ्या पत्राखालची माया मला लख्ख दिसली बघ.

आता त्या चौकटीचं. अगं वेडे, कु. घ म्हणजे तू नाहीस. ती एक प्रातिनिधिक मुलगी आहे. अशा घुम्या मुली घराघरात असतात. आणि समजा, असलीस तूच, तर मी वाईट काय लिहिलंय? कुटुंबाने स्वीकारलं असंच लिहिलंय ना? त्या खोलीचं दार ढकललं की आपोआप अडकून बसायचं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. तू आत जाऊन बसलीस, दार अडकलं. त्यात तुझा दोष असं मी कधीच म्हटलं नाही. आईसमोर तर मी तुझीच बाजू घेतली होती.

उदाहरण मात्र काढता यायचं नाही. अख्ख्या पुस्तकात मुलींना तेच आवडतं. मागच्या वर्षी एका कॉलेजात मी ते सांगत होते तर मागच्या बाकावरच्या दोघी रडल्या. बबडीला सांग, मावशीकडून आठपैकी आठ.

माझं विचारशील तर डोकं वर काढायला फुरसत नाही. तुझे भाऊजी म्हणतात, तू लोकांना ऐकायला शिकवतेस आणि घरी फक्त मीच ऐकतो. त्यांचं आपलं काहीतरी. प्रकाशकांनी या वेळी छापखाना बदललाय. तिथले मुद्रितशोधक म्हणे भलतेच काटेकोर आहेत, कुणी म्हातारे गृहस्थ असावेत. प्रुफांचे गठ्ठे येऊन पडतात. वाचते कोण? माझंच लिहिलेलं, मला तोंडपाठ आहे. सह्या ठोकते आणि पाठवून देते.

तूही असंच काहीतरी करतेस ना अजून, कुठल्याशा छापखान्यात? नाव विसरले बघ. डोळ्यांना जप.

तुझी ताई

२ जुलै

ताई,

दार आपोआप अडकत नव्हतं. त्याला बाहेरून कडी होती.

मी अकरा वर्षांची होते, तू चौदाची. भाषण मी लिहिलं होतं, 'शाळेची घंटा' या विषयावर, भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर. आठवडाभर रोज शाळेतून आल्यावर मी ते तुझ्यासमोर म्हणायचे. तू पलंगावर पालथी पडून ऐकायचीस, चुकलं की सांगायचीस. त्यानेच ते तुला पाठ झालं. एकदा आई दारात उभी राहून सगळं ऐकून गेली आणि जाता जाता म्हणाली, "ही धाकटी बोलण्यात मोठीच्या पुढे जाणार." तुला आठवत नसेल. त्या दिवशी तू जेवली नाहीस, ते मला आठवतं.

स्पर्धेच्या दिवशी तू मला जिन्यात गाठलंस आणि सांगितलंस, बाईंनी पृथ्वीचा गोल मागितलाय, पटकन घेऊन ये. मी धावले. गोल वरच्या फळीवर होता, स्टुलावर चढून काढला. मागे कडीचा आवाज झाला. मी तो गोल पोटाशी धरून दारापाशी आले आणि आधी हसले. मला वाटलं, तू गंमत करतेस.

मग मी दार वाजवलं. हाका मारल्या. व्हरांड्यात पावलं आली आणि दाराबाहेर थांबली. मी वाजवणं थांबवलं, म्हणजे बाहेरच्याला नीट ऐकू जाईल. तू शिकवलं होतंस तसं, श्वास घेऊन, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "मी आत आहे. कडी काढा." पावलं थोडा वेळ तिथेच होती. मग ती परत गेली.

शिपाईमामाच असणार. त्यांना कमी ऐकू यायचं हे मला माहीत होतं. पण अकरा वर्षांच्या पोरीला तेव्हा ते सुचलं नाही. मला वाटलं, मी इतकं स्पष्ट बोलले आणि पोचलं नाही, म्हणजे माझ्या आवाजातच काही नाही. ताई, कडीचं मी एक वेळ गिळलं असतं. ही गोष्ट मात्र मी सदतीस वर्षं घेऊन फिरतेय. दुकानात दोनदा मागितल्याशिवाय मला वस्तू मिळत नाही, कारण पहिल्यांदा मागतानाच मी धरून चालते की ऐकू जाणार नाही.

मग लाउडस्पीकरवर माझं भाषण सुरू झालं. मी जिथे थांबायचे तिथेच तू थांबलीस. टाळ्या मी आतून ऐकल्या. बक्षिसाच्या पेनाने तू पुढे सगळे पेपर लिहिलेस.

आणि नंतर मी 'बोलेनाशी झाले' ना, तेही ऐक. मी मुकी झाले नव्हते. मी अबोला धरला होता. तो फक्त तुझ्याशी होता, पण तू चोवीस तास घरात, मग बोलणार कुणाशी? आईने डॉक्टरकडे नेऊन घसा दाखवला. डॉक्टरांनी चमचा घालून आ करायला लावलं आणि घसा उत्तम आहे म्हणाले. एकोणीस दिवस मी वाट बघितली की कुणीतरी विचारेल, ही कुणाशी भांडलीये का? कुणाला सुचलं नाही. विसाव्या दिवशी मी मीठ मागितलं तर सगळे ताटावरून माना वर करून बघायला लागले, अगंबाई, घुमी बोलली. पुन्हा तोंड उघडायची मला लाज वाटली. नाव तूच ठेवलं होतंस.

आता जे लिहिते ते सावकाश वाच. तू चौकट काढणार नाहीस असं म्हणतेस. ठीक आहे. मी याचा सूड घेणार आहे. रागाच्या भरात लिहीत नाही. आज शनिवार आहे, कपडे वाळत घातलेत, माझं डोकं थंड आहे. मी सूड घेणार आहे आणि तो तुझ्याच हातून घेणार आहे.

घुमी

१५ जुलै

प्रिय घुमे,

काय सुंदर लिहितेस गं तू. हे आधी का लिहिलं नाहीस?

रागावू नकोस, पण तुझं पत्र मी शिबिरात वाचून दाखवलं. नाव नाही घेतलं. कचेरीतले तीस अधिकारी, एरवी सारखे घड्याळाकडे बघणारे, पण चिडीचूप बसून ऐकलं सगळ्यांनी. थोडं लांब होतं म्हणून मधला एक परिच्छेद गाळला. एकाने नंतर विचारलं, त्या बाईला खरंच सूड घ्यायचाय का? मी समजावून सांगितलं, की सूड हा जवळ येण्याचाच एक उलटा रस्ता असतो. माणूस ज्याला तोडून टाकतो त्याच्यावर सूड घेत नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं.

आठवणींचं कसं असतं, दोन बहिणी एका खोलीत वाढतात पण दोघींचं बालपण वेगळं असतं. तुला कडी आठवते, मला अडकलेलं दार आठवतं. कुणाचं खरं, हा प्रश्नच चुकीचा आहे. दुसऱ्या आवृत्तीत यावर एक प्रकरण वाढवतेय, 'एक घटना, दोन नजरा'.

त्यावरून आठवलं. त्या मुद्रितशोधकांनी वैताग आणलाय. शुद्धलेखन सोडून भलत्याच शंका. पान एकेचाळीसच्या समासात लाल शाईने काय लिहावं? "लपून बसली, हे लेखिकेने स्वतः पाहिले काय? लेखिका त्या वेळी कोठे उभी होती?" मी खाली लिहून पाठवलं, मुद्रितशोधक महाशयांनी काना-मात्रा पाहाव्यात. म्हाताऱ्यांना रिकामपण फार.

बबडीच्या परीक्षा कधी आहेत? मी एकदा तुमच्याकडे येणार आहे, पण कधी ते सांगत नाही.

तुझी ताई

२२ जुलै

प्रिय बबडे,

जूनमध्ये सुट्टी संपायला अजून दोन दिवस असताना तू परत गेलीस, ते का, ते मला कळलं नाही असं समजू नकोस. आईने उत्तर दिलं नाही म्हणून तू गेलीस.

मावशीच्या दोन्ही पत्रांच्या आणि मी तिला लिहिलेल्या पत्रांच्या नकला सोबत आहेत. माझी पत्रं मी उतरवून ठेवते, कामाची सवय. आधी त्या वाच. मग पुढचं.

मावशीचा तो म्हातारा मुद्रितशोधक म्हणजे तुझी आई. प्रकाशकांनी छापखाना बदलला तो आमचा निघाला. ते बाड जूनच्या मध्याला माझ्या टेबलावर आलं. मालक म्हणाले, "बाई, हे तुमच्या बहिणीचं ना? मग तुम्हीच बघा." मालकांना माहीत आहे. तिला नाही, कारण गेल्या अकरा वर्षांत छापखान्याचं नाव तिने मला विचारलेलं नाही. माझं पत्र आणि माझी प्रुफं तिच्या एकाच टेबलावर पडतात, एक निळ्या शाईत, एक लाल. माणसं ओळखायला शिकवणारी बाई, पण तिला सख्ख्या बहिणीचं अक्षर दिसत नाही.

आता मी काय केलं ते ऐक. आमच्याकडे नियम असा की लेखकाची प्रत्येक पानावर सही आल्याशिवाय छपाईचा फर्मा मशीनवर चढत नाही, आणि सही आली की मग जगात कुणी आमच्याकडे बोट दाखवू शकत नाही. शेवटच्या प्रुफात मी पान एकेचाळीसची चौकट बदलली. चोरून नाही. समासात लाल बाण काढून 'मजकूर बदलला आहे, लेखिकेने पाहावे' असं लिहिलंय, मालकांना दाखवलंय. ते बराच वेळ वाचत होते. शेवटी म्हणाले, लेखिकेची सही आली तर छापू.

सही येणारच. ती वाचत नाही. तिने स्वतःच लिहिलंय मला, सह्या ठोकते म्हणून.

नवी चौकट अशी: "कु. घ ही दोन बहिणींतील धाकटी. बोलण्यात ती पुढे जाईल असे आई एकदा म्हणाली. वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी मोठ्या बहिणीने तिला नकाशांच्या खोलीत पाठवले, बाहेरून कडी लावली, तिने लिहिलेले भाषण स्वतः केले व घरी सांगितले की धाकटी घाबरून लपली. धाकटीने अबोला धरला. घराने त्याला मुकेपणा समजून तिला तसे नाव दिले. पुढे तिलाही ते खरे वाटू लागले. मोठी बहीण मी आहे." आणि खाली प्रश्न: मोठ्या बहिणीच्या वागण्याची कारणे सांगा. आठ गुण.

दरवर्षी हजारो पोरी माझी पाच कारणं लिहितात. आता त्यांना तिची लिहू दे. छापून आल्यावर ती पुस्तक उघडेल, स्वतःच्याच सहीने छापलेलं वाचेल, आणि कुणाला सांगायला तोंड राहणार नाही. ते तोंड मला बघायचंय. मला फार आनंद होतोय, बबडे, आणि तो आनंद चांगला नाही हेही मला कळतंय. तरी होतोय.

प्रूफ महिनाअखेर पाठवते. जेवण वेळेवर घेत जा.

आई

२६ जुलै

आई,

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं घरून खाऊ आला.

सगळं वाचलं. मी ते तिसरं कारण खोडलंय, या वेळी फाडूनच टाकलंय. तू लपली नव्हतीस हे मला आवडलं. पण तू हे मला त्या दिवशी टेबलापाशी सांगितलं असतंस तर जास्त आवडलं असतं. तू गॅस बंद करायला गेलीस आणि मला वाटलं की खरंच असेल. मावशीला तू न बोलता शिक्षा करतेयस, म्हणजे आई, तो अजून तोच अबोला आहे. एकोणीस दिवसांचा नाही, एवढाच फरक.

अजून एक. हे मी तुझी मुलगी म्हणून नाही, वॉर्डातली म्हणून विचारते. आमच्याकडे कमी ऐकू येणाऱ्या आजी-आजोबांची एक खोली आहे. त्यांच्या मागून हाक मारली तर ते थांबत नाहीत. चालत राहतात. ज्याला ऐकू आलं नाही तो थांबेल कशाला?

तुझ्या पत्रात तर ती पावलं दाराबाहेर थांबली होती. तू बोललीस तोवर तिथेच होती. ते शिपाईमामा नव्हते, आई. ज्याने कुणी ऐकलं, त्याने नीट ऐकलं.

आणि मावशीने शिबिरात कुठला परिच्छेद गाळला, ते तू तिला विचारलंस का?

बबडी

३० जुलै, अंतिम प्रुफासोबत, छापखान्याच्या कागदावर लाल शाईने

लेखिकेस विनंती. पृष्ठ ४१ कृपया वाचावे, न वाचता सही करू नये. मजकूर बदलला आहे.

एक शंका शिल्लक आहे. दाराबाहेर थांबलेली पावले कोणाची होती?

मुद्रितशोधक

१४ ऑगस्ट, परत आलेल्या प्रुफाला टाचणीने लावलेला कागद

घुमे,

लाल शाईतला तुझा 'ळ' मी पहिल्याच प्रुफावर ओळखला. पोट फुगवून काढतेस तू तो, भूमितीच्या वहीतही तसाच होता. ओळखला आणि म्हाताऱ्या गृहस्थांची थट्टा करत बसले. ओळख दाखवली असती तर मग उत्तर द्यावं लागलं असतं.

पावलं माझी होती.

कडी लावून मी सभागृहात गेले आणि तिथून परत आले. तुला काढायलाच आले होते, हे खरं आहे, पण ते तू मानावंस असं मी म्हणत नाही. हात कडीवर ठेवला होता. तेवढ्यात तू आतून बोललीस. मी आत आहे, कडी काढा. इतकं स्वच्छ, इतकं खणखणीत, मध्ये दार असूनसुद्धा. आई म्हणाली ते खरं आहे, हे मला त्या क्षणी कळलं. तू भाषण केलंस तर मला कुणी ऐकणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. मी हात काढून घेतला.

तुझ्या आवाजात काही नव्हतं म्हणून पावलं परत गेली नाहीत. होतं म्हणून गेली.

शिबिरात मी तोच परिच्छेद गाळला. तोंडातून निघेना. दोन पानं मागे-पुढे केली आणि लोकांना वाटलं मी परिणामासाठी थांबलेय.

सगळ्या पानांवर सह्या केल्या आहेत. एकेचाळीसवर वाचून केली आहे. तिथे शेवटच्या ओळीच्या आधी मी माझ्या हाताने एक वाक्य वाढवलं आहे. ठेवायचं तर ठेव, खोडायचं तर खोड. मुद्रितशोधक तू आहेस.

तुझ्या भाऊजींना काल सांगितलं. ते उठून बाहेर गेले.

ताई

२१ ऑगस्ट

ताई,

तुझा कागद मी छापखान्यात, सगळ्यांसमोर, टेबलापाशी उभ्याने वाचला. मग दिवसभर काम केलं. एका दिवाळखोर कवीच्या सोळा पानांत नव्वद चुका काढल्या, एरवी साठ सापडल्या असत्या.

तू माझा सूड बिघडवलास. मला तुला झोपेत सही करायला लावायची होती आणि तू जागी राहून केलीस. पुस्तक उघडल्यावर तुझं तोंड पडलेलं मला बघायचं होतं, आता तू ते उघडशील तेव्हा आतलं सगळं तुला आधीच माहीत असेल. माझं भाषण घेतलंस, आणि शेवटी हेही माझ्याआधी तूच बोलून मोकळी झालीस. मी तुझ्यावर इतकी चिडलेय की काल रस्त्याने चालताना एकटीच मोठ्याने बोलत होते. समोरून येणारा एक माणूस बाजूला झाला. म्हणजे त्याला ऐकू गेलं.

आणि तेच मला सहन होत नाही. माझा आवाज पोचला होता. सदतीस वर्षं मी हळू बोलले, दोनदा मागितलं, पोरीसमोर गप्प बसले, कारण एका दाराबाहेरच्या माणसाला मी ऐकू गेले नाही असं मला वाटत होतं. आणि तुला माहीत होतं. रोज जेवताना समोर बसून माहीत होतं. त्यावर पुस्तक लिहितानाही माहीत होतं. कडी एका दिवसाची होती. हे तू रोज लावत होतीस.

तुझं वाक्य ठेवलंय. 'मोठी बहीण दारापाशी परत आली, धाकटीची हाक तिला स्पष्ट ऐकू आली, आणि ती परत फिरली.' काना-मात्रा पाहिल्या. एकही चूक नाही. आज सकाळी फर्मा मशीनवर चढला तेव्हा मी शेजारी उभी होते. पहिला कागद निघाला तो ओला असतानाच हातात घेतला, शाई बोटांना लागली. बबडीला एक पान पाठवलंय. आणि तिला फोन केला. अर्धा तास मी बोलले. ती नुसतं हूं म्हणत होती, तेव्हा कळलं तुला इतकी वर्षं किती मजा येत असेल.

याच्यात कुठे माफी शोधू नकोस. माया तर मुळीच शोधू नकोस, वरच्या पापुद्र्याखाली अजून राग आहे, आणि त्याच्याखालीही तोच आहे. हे पत्र शिबिरात वाचू नकोस. वाचायचंच असेल तर परिच्छेद गाळू नकोस.

तू येणार म्हणतेस, कधी ते सांगत नाहीस. मी सांगते. पुढच्या रविवारी सकाळी दहाला ये. त्या दिवशी शाळेत भाषणाचा कार्यक्रमही दहालाच सुरू झाला होता. बेल मी काढून ठेवणार आहे, तेव्हा दार वाजव. मी आतून चालत येईन आणि दाराशी थांबेन. माझी पावलं तुला ऐकू येतील. मग तुला काय हवंय ते श्वास घेऊन, एकेक शब्द सुटा करून सांग.

मी ते नीट ऐकेन. कडीवर हातही ठेवेन. त्याच्यापुढचं मी ठरवलेलं नाही, आणि ठरवून ठेवणारही नाही.

खाली नाव लिहीत नाही. घुमी तर नाहीच. अक्षर ओळखतेस तू.